घरच्या मसाल्याचा धंदा: पहिला पावसाळा पार करायचा तर

तुमच्या हातच्या कांदा-लसूण मसाल्याचं नातेवाइकांत नाव आहे. उन्हाळा आला की शेजारणी म्हणतात, "या वर्षी आमचाही दोन किलो करून दे." आता तुमच्या मनात आलंय की धंदाच करावा. जरूर करा. फक्त एक लक्षात असू द्या, असे धंदे चवीमुळे सहसा बुडत नाहीत. मार्चमध्ये मिरचीत पैसा अडकतो, जूनमध्ये विक्री मंदावते, दुकानदाराची उधारी येत नाही, एखादी बॅच दमट होते, आणि नेमकं त्याच महिन्यात घरात कुणी आजारी पडतं. तेव्हा जिद्द लागतेच. पण जिद्दीच्या पाठीशी वही, शिल्लक आणि कागद नसतील तर ती दोन महिन्यांत थकते. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या.

१. आधी वजनकाटा

घरी मूठ-चिमटीचा अंदाज चालतो, विक्रीत नाही. गिऱ्हाइकाचा विश्वास पहिल्या पिशवीवर बसत नाही, दुसरी पिशवी पहिलीसारखीच लागली की बसतो. त्यामुळे प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये लिहा. हिंग आणि दगडफूलसुद्धा. प्रत्येक बॅचला पाच वजनं घ्या: देठासकट मिरची, देठ काढून, वाळवून, भाजल्यावर आणि दळून. असं तीन बॅचना केलंत की घट किती येते ते कळतं, आणि धंद्याचा अर्धा हिशोब तिथेच सुटतो.

मिरची अख्खीच घ्या, तयार पावडर कधीच नाही. रंगाला बेडगी, तिखटपणाला संकेश्वरी किंवा लवंगी. पोत्यातली मूठभर मिरची कानाजवळ हलवा. चांगली वाळलेली असेल तर बिया खुळखुळतात. मग पाच-सहा मिरच्या मोडून आतून बघा. वरून लालभडक दिसणाऱ्या मिरचीच्या पोटात राखाडी बुरशी असते, आणि व्यापाऱ्याने पोत्याच्या तोंडाशी चांगला माल लावलेला असतो. पोत्याच्या तळापर्यंत हात घालू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजायचा. धणे आणि खसखस एकत्र टाकली तर धणे होईपर्यंत खसखस जळते, आणि तो कडवटपणा अख्ख्या बॅचभर पसरतो. कांदा पातळ चिरून कडकडीत वाळवा, मगच तळा. लसूण हा सगळ्यात दगाबाज जिन्नस. घरच्या मसाल्यात ओला लसूण कुटून घालतात, चव उत्तमच येते, पण बंद पिशवीत तोच ओलावा गुठळ्या आणि बुरशी आणतो. विकायच्या मसाल्यात वाळवलेला किंवा कुरकुरीत तळलेलाच लसूण घाला. मिरची पावडरीत ओलावा ११ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असं मानक आहे, आणि मसाल्यात वरून रंग घालायला बंदी आहे. रंग फिका वाटला तर बेडगीचं प्रमाण वाढवा.

डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कांडलेल्या मसाल्याचा रंग आणि वास चांगला राहतो. चक्कीत माल तापतो, म्हणून थोडा थोडा घाला. दळून आलेला मसाला गरम असताना पिशवीत भरला तर आत घाम धरतो. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, चाळा, मगच भरा.

२. भाव ठरवण्याआधी हा हिशोब करा

समजा १० किलो कच्चा माल आणला, त्याचे ३,६०० रुपये झाले. बहुतेकजणी म्हणतात, ३६० रुपये किलो पडला, म्हणजे पाव किलोला ९० रुपये. १५०ला विकला तरी ६० सुटले! आता खरा हिशोब बघा. देठ, ओलावा, भाजणं आणि दळणं यांत घट जाऊन मसाला उतरला साडेआठ किलो, म्हणजे पाव किलोच्या ३४ पिशव्या.

- कच्चा माल: ३,६०० रुपये
- कांडप किंवा दळण: ४०० रुपये
- गॅस आणि तेल: ३०० रुपये
- ३४ पिशव्या, लेबलसह, ८ रुपयांप्रमाणे: २७२ रुपये
- दोघींची एका दिवसाची मजुरी, ५०० प्रमाणे: १,००० रुपये
- येणं-जाणं, हमाली: २५० रुपये

एकूण ५,८२२ रुपये. एक पिशवी १७१ रुपयांना पडली. आता ती दुकानात ठेवलीत आणि दुकानदाराने छापील किमतीवर २० टक्के मागितले. २०० रुपये छापलेत तर तुमच्या हाती १६० येतात, म्हणजे प्रत्येक पिशवीमागे ११ रुपये घरातून गेले. २६० छापलेत तर हाती २०८, सुटले ३७. या ३७ मधूनच नमुने, खराब माल, प्रदर्शनाचं भाडं आणि कर्जाचा हप्ता निघायचा आहे.

हे आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमच्या गावचे भाव घाला. मजुरीची ओळ मात्र खोडू नका. "मी घरचीच आहे, माझी कसली मजुरी" म्हणत काढलेला भाव पुढे मोडतो, कारण ऑर्डर वाढली की बाईला कामाला बोलवावं लागतं आणि तिची मजुरी त्या भावात कुठेच नसते. ओळखीच्या बायका स्वस्तात मागतील. त्यांना भाव तोच ठेवा, हवं तर ५० ग्रॅमची पुडी वर द्या.

३. कागदपत्रं, आणि ती कुठे अडतात

लागणारे कागद:

- आधार (मोबाइल नंबर जोडलेलं) आणि पॅन
- फोटो
- जागेचा पुरावा: लाइट बिल, घरपट्टी किंवा भाडेकरार. जागा दुसऱ्याच्या नावावर असेल, सासऱ्यांच्या असली तरीही, त्यांचं संमतीपत्र
- बँकेचं पासबुक
- बनवणार असलेल्या पदार्थांची यादी

पहिली नोंदणी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची. त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर अर्ज होतो. छोट्या उत्पादकाला, म्हणजे वर्षाला १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला, पूर्ण परवाना न लागता साधी नोंदणी पुरते अशी रचना राहिली आहे, आणि तिची फी वर्षाला १०० रुपये. मर्यादा आणि फी यांत सरकार बदल करतं, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवरचा आकडा बघूनच पुढे जा. धंद्याचा प्रकार निवडताना 'उत्पादक' निवडा. घाईत 'किरकोळ विक्रेता' निवडलं तर तुम्ही बनवलेल्या मालावर नोंदणीचा १४ अंकी नंबर लावता येत नाही. पदार्थांच्या यादीत पुढे करायच्या चटण्या आणि मेतकूटही आताच लिहा.

दुसरी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. ती पूर्णपणे मोफत आहे आणि आधारवर घरबसल्या होते. इंटरनेटवर शोधलंत की सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट वर येतात आणि हजार-दोन हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन नसेल तर बंद करा.

तिसरं दुकाने व आस्थापना अधिनियमाखालचं सूचनापत्र. कमी माणसांच्या आस्थापनेला नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. चालू खातं उघडताना हा कागद आणि उद्यम प्रमाणपत्र दोन्ही उपयोगी पडतात.

जीएसटीबद्दल बायका उगाच घाबरतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी लागत नाही. पण कोल्हापूरहून पणजीला किंवा बेळगावला एक खोका जरी विकला तरी ती आंतरराज्य विक्री होते, आणि तिथे मर्यादेचा आधार उरत नाही. व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेणाऱ्या इथेच फसतात. पापडाला कर नाही, मसाल्याला ५ टक्के आहे, तेव्हा दोन्ही करणार असाल तर बिलात वेगळे दाखवा.

मुहूर्ताची श्रद्धा असेल तर ती जरूर पाळा. फक्त अक्षय्य तृतीयेला शुभारंभ करायचा असेल तर अर्ज फाल्गुनातच टाका, वैशाखात धावपळ करून नंबर मिळत नाही.

४. पिशवी आणि लेबल

लेबल छापण्याआधी एका पांढऱ्या कागदावर हे सगळं लिहून काढा: पदार्थाचं नाव, घटक (सर्वात जास्त वजनाचा आधी, मग उतरत्या क्रमाने), निव्वळ वजन, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, कमाल किरकोळ किंमत 'सर्व करांसह', प्रति ग्रॅम किंमत, तुमचं नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, एफएसएसएआयचं चिन्ह आणि नंबर, शाकाहाराचा हिरवा ठिपका. प्रति ग्रॅम किंमत बहुतेक लेबलांवर राहून जाते. २६० रुपयांच्या पाव किलोला ती १ रुपया ४ पैसे. शेंगदाणे घालत असाल तर ते अॅलर्जी आणणारा घटक म्हणून वेगळे लिहावे लागतात.

तारीख, बॅच आणि किंमत छापू नका, त्या जागा रिकाम्या ठेवून शिक्का मारा. पहिल्यांदा ५,००० पिशव्या छापल्या की स्वस्त पडतात, हे छापखानावाला सांगेलच. भाव बदलला किंवा पत्ता बदलला की त्याच पिशव्या माळ्यावर जातात. आधी साध्या पिशवीवर ५०० स्टिकर पुरे.

मसाला किती दिवस टिकतो याचा अंदाज शेजारणीला विचारून छापू नका. पहिल्या बॅचच्या सहा-सात पिशव्या बाजूला ठेवा आणि महिन्याला एक फोडा. खोबरं सगळ्यात आधी खवट होतं. ज्या महिन्यात वास बदलला त्याच्या बराच आधीचा महिना छापा. पातळ प्लॅस्टिकपेक्षा आतून अॅल्युमिनियमचा थर असलेली पिशवी घ्या, आणि विक्रीचा वजनकाटा वैधमापन खात्याच्या शिक्क्याचाच हवा. स्वयंपाकघरातला छोटा काटा पाककृतीपुरता ठीक.

५. कर्ज: आधी पत, मग रक्कम

म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ साली उभी राहिली, पण सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता. कारण, प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या काही महिने शिकल्या, परत गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेवरचं व्याज काढायला सांगा, आम्ही तोंडी सांगतो. नकार आला की बँकेला दोष देऊन घरी बसायचं नाही, नकाराचं कारण लेखी मागायचं आणि तेवढंच दुरुस्त करून परत जायचं, हे त्यातून घ्यावं.

तुमच्यापुढचे रस्ते असे. मुद्रा योजनेतलं 'शिशू' कर्ज ५० हजारांपर्यंत, 'किशोर' ५ लाखांपर्यंत, दोन्हींना तारण नाही. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगारनिर्मिती योजनेत महिलेचा स्वतःचा हिस्सा ५ टक्के, अनुदान शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. अन्नप्रक्रियेसाठीची पीएमएफएमई योजना ३५ टक्के अनुदान देते, जास्तीत जास्त १० लाख, आणि बचत गटाच्या सदस्येला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल. या योजनेची मुदत आणि निधी सध्या काय आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. तिथल्या जिल्हा संसाधन व्यक्तीने प्रस्ताव बनवून द्यायचा असतो, त्यासाठी एजंटला पैसे मोजू नका.

अनुदानाबद्दलचा मोठा गैरसमज असा की ते हातात मिळतं. मिळत नाही. ते बँकेत तुमच्या कर्जाच्या नावे बाजूला राहतं आणि तीन वर्षं हप्ते नीट गेले तर कर्जातून वळतं होतं. म्हणजे आधी पूर्ण कर्ज फेडायची ताकद हवी. यंत्र घेण्याआधी सहा महिने दुसऱ्याच्या डंकावर काम चालवा. ऑर्डर नसताना घेतलेला पल्व्हरायझर (दळायचं यंत्र) हप्ता मागतो, काम देत नाही. आणि बँकेत फक्त यंत्राचं कर्ज मागू नका, खेळतं भांडवलही मागा. मसाल्यात पैसा मिरचीत अडकतो, यंत्रात कमी.

६. पावसाळ्याची तयारी मार्चमध्येच

नवी मिरची साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाजारात येते, तेव्हा भाव उतरलेला असतो. वर्षभराची घ्यावी असा मोह होतो. पहिल्या वर्षी तीन महिन्यांपुरतीच घ्या. दुसऱ्या वर्षी, विक्रीचा आकडा हातात आल्यावर, जास्तीची पोती शीतगृहात टाका आणि पावती फाइलला लावा. घरातल्या खोलीत ऑगस्टपर्यंत मिरची ठेवली की रंग उतरतो आणि जाळी लागते.

लिज्जत पापडाचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे: १९५९, गिरगाव, सात जणी, उसने ८० रुपये. त्यातला कमी सांगितला जाणारा भाग पावसाळ्याचा. पहिल्या वर्षी पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला, पापड खाटेवर, स्टोव्ह खाली. कामच बंद पडण्याच्या संकटावर खर्च झाला तो खाट-स्टोव्हपुरता. तुम्हीही मार्चमध्येच ठरवा, जुलैत काय करणार. मे अखेरपर्यंत वाळवण संपवायचं, जून ते सप्टेंबर फक्त भरायचं आणि विकायचं, की छोटा ट्रे ड्रायर (वाळवायचं यंत्र) घ्यायचा? माल जमिनीवर नाही, फळीवर, आणि भिंतीपासून वीतभर लांब. पावसाच्या दिवशी पिशव्या भरू नका, उघड्या परातीतला मसाला तासाभरात ओल ओढतो.

आणि तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात. ती जमेपर्यंत नफ्यातून घरखर्चाला काढायचं नाही. याच एका गोष्टीवर बरेच धंदे तरतात किंवा बुडतात.

७. उधारी

किराणा दुकानदार म्हणेल, "ठेवून जा, विकलं की देतो." एका दुकानात दहा पिशव्यांपेक्षा जास्त माल अडकवू नका. जुन्या दहाचे पैसे आल्याशिवाय नव्या दहा द्यायच्या नाहीत. चलनावर सही आणि तारीख घ्या, अगदी सख्ख्या मावसभावाच्या दुकानात देखील.

मोठा खरेदीदार, हॉटेल किंवा केटरर असेल तर उद्यम नंबर बिलावर छापा. सूक्ष्म उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे, उशिरावर चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय वेळेत न दिलेली रक्कम त्याला आयकरात त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. भांडायच्या आधी ही ओळ त्याच्या अकाउंटंटच्या कानावर घाला, निम्म्या वेळा तेवढ्याने काम होतं. नाहीच झालं तर लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

एकच गिऱ्हाईक निम्म्याहून जास्त माल घेत असेल तर आनंद मानू नका, दुसरं शोधा.

८. घर आणि गट

कागदावर बाई आणि व्यवहार घरच्या पुरुषाकडे, हे चित्र फार दिसतं. बँकेचा अधिकारी पाहणीला आला की प्रश्न तुम्हाला विचारतो: मिरची कुठून, महिन्याला किती किलो, घट किती? उत्तर तुम्हालाच यायला हवं. काउंटरवरचा क्यूआर कोड धंद्याच्या खात्याचा असू द्या. मुलाच्या फोनला जोडलेला असला की विक्री दिसत नाही, आणि पुढच्या वर्षी कर्ज मागताना खातं कोरडं असतं.

गटात करत असाल तर बचतीचं खातं आणि धंद्याचं खातं वेगळं ठेवा. मजुरी आणि नफा या दोन गोष्टी आहेत. देठ काढायचा किलोमागे दर, भरायचा पिशवीमागे दर ठरवून ठरावाच्या वहीत लिहा. जी आली तिला मजुरी, नफा वर्षाखेरीला सगळ्यांना. भांडणं चवीवरून होत नाहीत, "मी जास्त दिवस आले" यावरून होतात. पाककृती किमान दोघींना यायला हवी. एकीच्याच हातात असली आणि ती बाळंतपणाला गेली की ऑर्डर थांबते.

९. बॅच बिघडली तर

प्रत्येक बॅचची १०० ग्रॅमची एक पिशवी मुदत संपेपर्यंत घरी ठेवा. तक्रार आली की आधी ती फोडा. तुमच्या पिशवीतही दोष दिसला तर त्या नंबरच्या सगळ्या पिशव्या दुकानांतून परत आणा. वहीत कुठल्या दुकानात किती दिल्या ते लिहिलेलं असेल तर हे दोन दिवसांचं काम आहे. पैसे परत द्या, मसाला टाकून द्या. भाजून परत दळून विकायचा विचारसुद्धा नको, बुरशीचं विष भाजून जात नाही. तुमच्या पिशवीत दोष नसेल तर गिऱ्हाइकाने ओला चमचा घातलेला असतो. तरीही एक पिशवी बदलून द्या, वाद घालू नका.

१०. उलाढाल वाढली की

नोंदणीची मर्यादा ओलांडण्याची वाट बघू नका. महिन्याच्या बेरजेवरून वर्षाचा अंदाज येतो, दोन-तीन महिने आधी राज्य परवान्याचा अर्ज करा. तेव्हा जागेचा आराखडा, पाण्याची तपासणी आणि यंत्रांची यादी लागते, आणि अन्न व औषध प्रशासनाची पाहणी होऊ शकते. घरचं स्वयंपाकघर तिथे अपुरं पडतं, वेगळी खोली आधीच बघून ठेवा. परदेशातल्या नातेवाइकांकडून मोठ्या ऑर्डर येऊ लागल्या तर आयात-निर्यात कोड आणि मसाला मंडळाची निर्यातदार नोंदणी दोन्ही लागतात.

परवान्याचा नंबर नवीन येतो. म्हणून अर्ज टाकण्याआधी शिल्लक स्टिकर मोजा आणि नवा नंबर हातात पडेपर्यंत जेवढे लागतील तेवढेच छापून घ्या.